चार कप्प्यांचं पान

मी मुळातच शक्की माणूस. दूधवाल्याने दारात हसून राम राम केला तरी आज पाणी जास्त घातलं की काय म्हणून मी पातेल्यात वाकून बघतो. बायको याला रोग म्हणते, मी अनुभव म्हणतो. परभणीत राहून धंदेवाल्यांच्या वेबसाइटी बनवायच्या म्हणजे हा अनुभव आपोआप गाठीला येतो. गिऱ्हाईक आपल्याकडून नमुना करून घेतं, "घरी दाखवून सांगतो" म्हणतं, आणि पंधरा दिवसांनी तोच नमुना मेहुण्याने केलाय म्हणून आपल्यालाच कौतुकाने दाखवतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी नळाचं पाणीही फुंकून प्यायला लागलो होतो.

या स्वभावापायी मी एका बाईला तिच्या बसल्या जागेवरून उठवलं. ती जागा म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागची एक प्लास्टिकची खुर्ची. सांगायला लाज वाटते, पण न सांगता राहिलो तर मी तेवढंही शिकलो नाही असं होईल.

जिंतूर रोडला शेतीच्या अवजारांचं एक दुकान आहे. पुढे दुकान, मागे वेल्डिंगची शेड, वर घर. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि बोलणं असं की समोरचा हो म्हणायच्या आत सौदा पुरा. त्यांची वेबसाइट मी आधीच करून दिली होती आणि खरं सांगायचं तर वाईट करून दिली होती. तीसेक अवजारं एकाच पानावर, एकाखाली एक. प्रत्येकाची माहिती, मापं, सुटे भाग, सगळं एकामागून एक ओतलेलं.

"इंजिनेर," आप्पा एकदा म्हणाले, "कोळपं हुडकायला बसलं की वखर येईस्तोवर बोट झिजायलंय."

मी इंजिनिअर नाही, बी.एस्सी. आहे, पण आप्पांनी दिलेली पदवी मी नाकारली नाही. दुसरी तक्रार त्यांची नव्हती, माझी होती. कुठल्या अवजाराचं माप बदललं, एखादा सुटा भाग मिळेनासा झाला, की आप्पांचा फोन यायचा. मी जेवत असलो तरी, सेलूला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे असलो तरी.

म्हणून मी पानं नव्याने करायला घेतली. प्रत्येक अवजाराला वेगळं पान. वर फोटो, फोटोखाली चार टॅब. ज्या टॅबवर बोट ठेवाल तेवढाच मजकूर खाली उघडणार, बाकीचा झाकलेला राहणार. दुकानात त्यांना कुणी टॅब म्हणालंच नाही, पहिल्या दिवसापासून ते कप्पे झाले. तीसही पानांचा साचा एकच. साच्यात एकदा बदल केला की सगळीकडे बदलला. आणि पानांच्या मागे एक साधा तक्ता: आडव्या ओळीत अवजार, उभ्या रकान्यात कप्पा. तक्त्यातला मजकूर बदलला की पानावरचा बदलतो. एखादा रकाना मोकळा असला तर तो कप्पा पानावर दिसतच नाही, म्हणजे रिकामं दार उघडून गिऱ्हाइकाची निराशा व्हायला नको. या शेवटच्या हिकमतीवर मी भलताच खूष होतो.

आप्पा खूष नव्हते. मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी पान पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडं गिऱ्हाईक आलं की म्या अवजार उघडं करून दाखवतो. तुमी चारातले तीन झाकून ठिवायलात. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव करत्यात, तसलं काही हाय का ह्ये?"

"आप्पा, झाकलेलं नाही, बोट ठेवलं की उघडतं."

"मग झाकायचंच कशाला?"

मी समजावून सांगितलं. पटलेलं दिसलं नाही. शेवटी दुकानात आलेल्या तीन शेतकऱ्यांच्या हातात फोन देऊन बघायचं ठरलं. तिघांनी पहिला कप्पा वाचला आणि फोन परत दिला. एक तर म्हणाला, "एवढंच हाय व्हय?" कप्प्यांच्या नावांवर कुणी बोटच ठेवलं नाही. आप्पांनी तिघांना आधी पढवून ठेवलं असणार अशी मला दाट शंका आली.

तेवढ्यात चहा घेऊन आप्पांची सून आली. तिने कप ठेवले, माझ्या हातातला फोन बघितला आणि म्हणाली, "दादा, ह्या पाट्या दिसायलेत. दाबायचं काही हाय असं वाटतच न्हाई."

मी तिच्याकडे पाहिलं. तिशीच्या आसपासची. सेलूला बी.कॉम. झालेली, नवरा पुण्याला कंपनीत, सणावाराला येणारा. एक मुलगी शाळेत. लग्न होऊन आल्यापासून तिचा दिवस वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात जायचा, दुकानात ती चहापुरती उतरायची. आप्पा "हं" म्हणाले आणि त्या हुंकारावर ती पुढे बोलली. उघड्या कप्प्याचं नाव खालच्या मजकुराला चिकटलेलं दिसू द्या, बाकीच्यांना कडा काढा, म्हणजे कळेल की हे वेगळे आणि उघडायचे आहेत. "वैशिष्ट्ये" कशाला, "काय करतं" लिहा. "तांत्रिक तपशील" नको, "मापं" लिहा. आणि "सुटे भाग" चौथ्या नंबरला का? निम्मी माणसं त्याच्यासाठी तर येतात. मोबाइलवर ते चार कप्पे एका ओळीत बसत नव्हते, चौथा उजवीकडे पडद्याबाहेर जायचा. तो दिसत नाही हेही तिनेच दाखवलं. मी चारांच्या दोनदोनच्या दोन ओळी केल्या.

पुढच्या वेळी शेतकऱ्यांनी फोन हातात घेतला आणि कप्पे उघडले. मला आनंद झाला की तिचा हेवा वाटला, आज सांगता येणार नाही. दोन्ही असावं.

तक्ता सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. दुकानाचा म्हणून एक फोन होता, त्याचं सिम तिच्या आधारवर घेतलेलं, म्हणून तक्त्याचं खातंही तिच्याच नावाचं उघडलं. आणि खातं सांभाळायचं तर गल्ल्याशेजारी बसायला हवं, म्हणून ती खुर्ची आली. त्या घरातली बाई दुकानात बसायची ही पहिलीच वेळ. भाऊबंदांपैकी कुणी आप्पांना विचारलंही, घरात गडी माणसं संपली का म्हणून. आप्पांनी ते तिच्यापर्यंत जाऊ दिलं नाही, पण तिला माहीत होतं. ती मला एकदा म्हणाली, "दादा, ह्या खुर्चीवर बसून मला लय बरं वाटायलंय. चुकून दिली असली तरी."

दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की आप्पांची बायको, जिला सगळे आक्का म्हणतात, खाली येऊन सुनेशेजारी बसायची. दोघींची डोकी फोनवर वाकलेली. मी दोनतीनदा पाहिलं आणि मनात नोंद केली: सासूचा पहारा आहे.

महिने गेले. आप्पांचा फोन यायचा बंद झाला. मी सोपं काम केलं होतं, त्यामुळे माझी गरज संपली होती, आणि ही गोष्ट मला जितकी आवडायला हवी होती तितकी आवडली नाही. एवढं इथे कबूल करून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं त्यात याचा वाटा किती होता ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

कोळपणीचे दिवस होते. एका सकाळी आप्पांचा फोन आला. "या. आत्ता या."

गेलो तर चारठाण्याकडचा एक शेतकरी दुकानात उभा. पायाशी पोतं, पोत्यातून काढलेली लोखंडी पास समोर टाकलेली. कोळप्याला खालून जे आडवं पातं असतं, तण कापणारं, तिला पास म्हणतात. याने कोळप्याच्या पानावर सुट्या भागांच्या कप्प्यात नंबर पाहिला, परभणीला येणाऱ्या पाहुण्याकडून त्या नंबरची पास मागवली. दुकानानेही नंबर बघून दिली. ती निघाली वखराची. हातभर मोठी, कोळप्याला बसणार कशी? पावसाने उघडीप दिली होती, रानाला वाफसा होता, दोन दिवस कोळपं धरता आलं असतं, ते दोन दिवस याचे गेले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाऊस.

"तुमच्या फोनमधी लिव्हलंय," तो ओरडत होता. "म्या माझ्या मनानं मागवली न्हाई. रानात तण गुडघ्याला लागायलंय, त्येचं काय करू?"

आप्पांनी त्याला योग्य पास दिली, हात जोडले, चहा पाजला. तो गेला. मग आप्पा माझ्याकडे वळले. तीस वर्षांत दुकानातून चुकीची वस्तू गेली नव्हती, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

सून खुर्चीवर बसून होती. म्हणाली, "चूक झाली, मामंजी. तक्त्यात वळ वर-खाली झालीय. मी नीट केलंय."

"नीट केलंय" हे मला खटकलं. मी तिथून निघालो आणि घरी येऊन तक्त्याचा इतिहास उघडला. तक्त्यात कुणी कधी काय बदललं ते सगळं मागे नोंदलेलं राहतं. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मी होऊन कुणाला सांगत नाही.

जे दिसलं ते मी पुन्हा एकदा वरून खाली तपासलं. आठवड्याच्या आठवड्याला, रविवारी संध्याकाळी, काही अवजारांचे चारही रकाने मोकळे केले जात होते. मजकूर कापून तक्त्याच्या अगदी तळाला, जिथे कुणी बघत नाही, तिथे नेऊन ठेवलेला. मंगळवारी सकाळी पुन्हा वर आणून चिकटवलेला. एका मंगळवारी परत आणताना ओळ चुकली आणि वखराचे सुटे भाग कोळप्याच्या ओळीत गेले. चारठाण्याच्या माणसाचं कोळपं अडलं ते तिथे. आणि दर वेळी, प्रत्येक बदलापुढे, सुनेचं नाव.

म्हणजे सोमवारचा अख्खा दिवस अकरा अवजारांची पानं नुसता फोटो आणि नाव दाखवत होती. खाली काही नाही. माझी हिकमतच तशी होती: रकाना मोकळा, की कप्पा गायब.

मग माझं डोकं चालायला लागलं. सोमवारच का? कारण सोमवारी खेड्यांतली माणसं कचेरीच्या कामांसाठी परभणीला येतात, तो गिऱ्हाइकीचा दिवस. अकराच का? कारण हीच जास्त खपतात. कापून तळाला का ठेवलं, पुसून का नाही टाकलं? पुसलं तर लगेच बोंब होईल, असं गुपचूप झाकलं तर कुणाला कळणार नाही. सेलूच्या रस्त्याला अवजारांचं एक नवं दुकान निघालं होतं. तिचं माहेर देवगाव फाट्याच्या आत कुठेतरी, म्हणजे त्याच बाजूचं. माहेरचं कुणी त्या दुकानात असेल का? असेलच. इथवर यायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी एकदाही फोन उचलून तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना बाजूला घेतलं. म्हणालो, तक्त्यातला मजकूर कुणीतरी मुद्दाम काढतंय, माझ्याकडे पुरावा आहे. आणि नाव दाखवलं. वार दाखवला नाही. किती अवजारं, कुठली, तेही सांगितलं नाही. तपास चालू असताना सगळे पत्ते उघडे करायचे नसतात, असं मला वाटत होतं.

आप्पांनी ते नाव वाचलं आणि सुनेला हाक मारली. "ह्ये तुमचं नाव हाय का?"

तिने वाचलं. एकदा जिन्याकडे पाहिलं, जिथे आक्का पायरीवर बसून वाती वळत होती. मग म्हणाली, "माझंच हाय."

"तुमीच काढलं?"

"माझ्या नावानं हाय तर माझ्यावरच येतंय की."

जिन्याकडे टाकलेली ती नजर मी टिपली. पळवाट शोधतेय, असं मनात म्हणालो. सासूने मान वर केली नाही.

"उद्यापासनं तुमी घरात बघा," आप्पा म्हणाले. तेवढंच. ती उठली, खुर्ची गल्ल्याच्या आत सरकवली, फोन चार्जरला लावला आणि जिना चढून गेली. आक्का तिच्या मागोमाग गेली. मी आप्पांना म्हणालो, महिनाभर तक्ता मी बघतो, काळजी करू नका. हे वाक्य तोंडातून निघताना मला आत कुठेतरी बरं वाटलं. ते बरं वाटणं मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

रविवारी संध्याकाळी मी सहज तक्ता उघडला. अकरा ओळी मोकळ्या. पुढे तिचंच नाव.

मी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, सून तर शनिवारीच माहेरी गेली, भावजयीच्या डोहाळजेवणाला. झालं. माझा संशय कमी व्हायचा तर दुप्पट झाला. माहेरी बसून करतेय! त्या दुकानाशेजारी बसून! आता रंगेहाथ पकडायचं म्हणून सोमवारी सकाळी मी गाडी काढली. सोमवारी मी कधी आप्पांच्या दुकानी जात नसे, तो माझा सेलूच्या गिऱ्हाइकांचा दिवस. तिच्या माहेरी जाऊन जाब विचारायच्या आधी दुकानाचा फोन एकदा तपासून घ्यावा, एवढाच हेतू होता.

दुकानात शिरलो आणि थांबलो. उजव्या हाताला ट्रॅक्टरची अवजारं नेहमीसारखी उघडी. डाव्या हाताला तिफण, वखर, कोळपी, जू, सगळ्यांवर पांढरं स्वच्छ धोतर पसरलेलं, वर बेलाचं एकेक पान. आप्पा मागच्या शेडमध्ये. गल्ल्यामागच्या खुर्चीवर आक्का बसलेली, नाकावर चष्मा, हातात दुकानाचा फोन. कुणी कोळप्याची चौकशी करायला फोन केला होता बहुतेक, त्याला सांगत होती, "आज न्हाई बाबा, उद्या सकाळी बघ, समदं दिसंल."

मी त्या धोतराकडे पाहिलं आणि अकरा नावं माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून गेली. तिफण. वखर. कोळपं. बैलाचं पेरणीयंत्र. अकराच्या अकरा बैलाला जुंपायची. ट्रॅक्टरचं त्यात एकही नव्हतं. सोमवार महादेवाचा, नंदीचा. लिंगायतांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे काय मला माहीत नव्हतं? लहानपणी आमच्या शेजारच्या घरी सोमवारी बैल दिवसभर दावणीला कडबा खात उभे असायचे. मला सगळं माहीत होतं. मी चोर शोधत होतो म्हणून बैल दिसले नाहीत.

"आक्का," मी विचारलं, "फोनमधलं तुम्ही काढता?"

"काढत न्हाई, खाली नेऊन ठिवते. मंगळवारी परत आणते." तिच्या बोलण्यात चोरी नव्हती, उलट जरा ऐटच होती. "दुकानात आपुन औत झाकतो. मग फोनात उघडं ठिवायचं व्हय? सुनंनं शिकवलं मला. कप्पा मोकळा केला की दिसत न्हाई, असं सांगितलं तिनं. एकदा वळ चुकली माझी, तिनं नीट केली."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? तिला खुर्चीवरून उठवलं ना."

आक्काने चष्मा काढला. "मला काय ठावं त्येच्यापायी उठवलं ते? तुमी म्हनलात, कुनीतरी मुद्दाम काढायलंय, चोरी करायलंय. म्या काय चोर हाय? मला वाटलं, तिनं दुसरंच काही केलं असंल." मग म्हणाली, "वर गेल्यावर म्या इचारलं तिला. ती म्हनली, काही न्हाई आत्याबाई, दमले होते, बरं झालं."

शेडमधून आप्पा आले. त्यांना मी सगळं सांगितलं, या वेळी वारासकट. ते ऐकता ऐकता खाली बघायला लागले. "रविवारी सांजच्याला जातंय म्हनला असता," ते हळू म्हणाले, "तर म्या तिथंच हसलो असतो." धोतराचं एक टोक वाऱ्याने उडालं होतं, ते त्यांनी नीट केलं. मला त्यांनी शिवी दिली असती तर मी आनंदाने घेतली असती.

बुधवारी सून माहेरून आली. आप्पांनी तिला फोनवर काय सांगितलं मला माहीत नाही. मी गुरुवारी गेलो. ती खाली होती, पण खुर्चीवर नव्हती, गल्ल्याच्या बाहेर उभी होती. मी माफी मागितली. सरळ मागितली, वळणं घेतली नाहीत. माझं चुकलं, वहिनी, म्हणालो.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं आत्याबाई करायलेत ते," ती म्हणाली. "मीच शिकवलं होतं, मला कळणार न्हाई व्हय?"

"मग त्या दिवशी सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर काय झालं असतं? बाहेरच्या माणसासमोर सासूचं नाव घेतलं असतं, आन मामंजींनी त्यांच्या हातातनं फोन काढला असता. दादा, त्या बाईनं तीस वर्षांत ह्या दुकानातल्या कागदाला हात लावलेला न्हाई. सोमवारचं तेवढं एक त्या आपल्या हातानं करायलेत. ते मी घालवू?" ती हसली, पण ते हसणं माझ्यासाठी नव्हतं. "आन खरं सांगितलं असतं तरी तुमी मानलं असतं का? तुमच्याकडं माझं नाव होतं."

मी धंद्याचं बोलायला लागलो, लाज वाटली की माणूस असंच करतो. म्हणालो, साच्यात सोय करून देतो, सोमवार लागला की बैलाच्या अवजारांचे कप्पे आपोआप बंद होतील, कुणाला काही करायला नको. जिन्यावरून आक्काचा आवाज आला. "आपोआप नगं. झाकायचं ते हातानं झाकायचं असतंय." मग सुनेनेच तोडगा काढला. तक्त्यात एक रकाना वाढवायचा, "बैलाचं" म्हणून. आणि वर एकच खूण, आक्काने दाबायची. दाबली की अकराही पानांवर एक ओळ येईल: आज सोमवार, औताची माहिती उद्या. मजकूर जागचा हलणार नाही, म्हणजे ओळ चुकायचा प्रश्न नाही. पाऊण तासात मी ते केलं. माझ्या सगळ्या नमुन्यांत इतकी चोख गोष्ट मला आजवर सुचलेली नाही, आणि ही पण मला सुचली नव्हती.

आप्पा मधे येऊन उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची बाहेर ओढली आणि सुनेला म्हणाले, "बसा."

ती बसली नाही. "एक सांगायचंय, मामंजी. आधी तक्त्यावरची नावं नीट करू." तिने आक्काचं वेगळं खातं काढलं, आप्पांचं वेगळं, स्वतःचं वेगळं. ज्याने केलं त्याचंच नाव लागेल असं. आप्पांनी मान हलवली. मग तिने यादीतल्या चौथ्या नावावर बोट ठेवलं. ते माझं होतं.

"हे काढायचं."

"वहिनी, पण काही बिघडलं तर? मला आतून बघावं लागेल."

"बिघडलं तर फोन करू," ती म्हणाली. "फोनवर इचारता येतंय."

मी आप्पांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे बघत होते. मी दुकानाचा फोन हातात घेतला आणि माझं नाव काढून टाकलं. तिने फोन परत घेतला, यादी वरून खाली वाचली, पुन्हा एकदा वाचली.

"आता तुमच्या फोनात बघा. दिसायलंय का आतलं?"

मी खिशातून फोन काढून तक्ता उघडून पाहिला. परवानगी नाही, असं आलं. मी तो तिच्यापुढे धरला. तिने स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली, मग खुर्चीवर बसली आणि दारात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारलं, पास कोळप्याला पाहिजे का वखराला.